सदतीस वर्षांचा चोख हिशेब

१७ एप्रिल १९५८. बेल्जियमच्या राजधानीत, ब्रुसेल्सला, जागतिक प्रदर्शनाचे दरवाजे उघडले. दुसऱ्या महायुद्धानंतरचे हे पहिलेच मोठे जागतिक प्रदर्शन. युद्धाने पोळलेल्या युरोपला आता विज्ञानाची उजळ बाजू पाहायची होती. लोखंडाच्या स्फटिकाची अवाढव्य प्रतिकृती म्हणून उभारलेली, शंभर मीटरहून उंच अशी चकचकीत वास्तू हे प्रदर्शनाचे मोठे आकर्षण होते. त्याच प्रदर्शनाच्या विज्ञान दालनात पाच फूट उंचीची आणखी एक प्रतिकृती उभी होती. मक्याच्या कणसासारखी. दाणे गोल गोल फिरत वर चढत गेलेले आणि मधोमध पोकळी. तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या एका विषाणूची ती प्रतिकृती. ती करताना टेबल टेनिसचे चेंडू आणि सायकलच्या हँडलच्या प्लॅस्टिकच्या मुठी वापरल्या होत्या.

ही प्रतिकृती जिने साकारली ती बाई मात्र प्रदर्शन पाहायला उरली नव्हती. आदल्याच दिवशी, १६ एप्रिलला, लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात कर्करोगाने तिचे निधन झाले होते. वय अवघे ३७. नाव रोझालिंड फ्रँकलिन.

आज हे नाव बहुतेकांना माहीत असते ते एका फोटोमुळे. डीएनएचा तो फोटो तिच्या नकळत दुसऱ्यांना दाखवला गेला, त्यांनी तो पाहून शोध लावला, त्यांना नोबेल मिळाले आणि ही बिचारी विस्मरणात गेली, अशी ती गोष्ट. गोष्ट खोटी नाही; पण अपुरी आहे. ती ऐकून रोझालिंडची कीव येते, तिची ओळख मात्र होत नाही. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला तिच्याविषयी वाचताना सतत जाणवते ती तिची हिशेबाची शिस्त. हातात व्हाउचर असल्याशिवाय खात्यात नोंद करायची नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. रोझालिंडने तो आयुष्यभर पाळला, आणि तिच्या आयुष्यातले यश आणि तिच्या हातून निसटलेले यश, दोन्ही त्या धड्याशी जोडलेले आहे.

गणिते सोडवणारी मुलगी

योगायोग असा की रोझालिंडचे घर बँकवाल्यांचेच. २५ जुलै १९२० रोजी लंडनमधल्या नॉटिंग हिल भागात एका सधन ज्यू कुटुंबात तिचा जन्म झाला. वडील एलिस फ्रँकलिन हे खासगी बँकेतले भागीदार. संध्याकाळी ते कामगारांसाठी चालणाऱ्या महाविद्यालयात शिकवायला जात. पाच भावंडांत रोझालिंड दुसरी. सहा वर्षांची असताना इतर मुले खेळत तेव्हा ही गणिते सोडवत बसे, आणि ती बरोबरही येत, याचे तिच्या आत्याला मोठे आश्चर्य वाटले होते.

सेंट पॉल्स ही मुलींची नामांकित शाळा. तिथे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र चांगले शिकवत. १९३८ मध्ये रोझालिंड केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाली. हिटलरच्या छळामुळे ज्यू कुटुंबे देशोधडीला लागली होती. फ्रँकलिन कुटुंबाने निर्वासित मुलांना आपल्या घरात आसरा दिला होता. १९४० मध्ये वडिलांना लिहिलेल्या एका पत्रात तिने आपली भूमिका स्पष्ट मांडली. विज्ञान आणि रोजचे जगणे वेगळे काढता येत नाही, काढूही नये, असे तिचे म्हणणे. १९४१ मध्ये ती अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाली. पण केंब्रिज तेव्हा स्त्रियांना पूर्ण अधिकाराची पदवी देत नसे. ती सुधारणा व्हायला १९४८ साल उजाडले.

युद्धकाळात तिच्या वाट्याला आला कोळसा. १९४२ पासून कोळशावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ती काम करू लागली. संध्याकाळी हवाई हल्ल्यांच्या वेळी पहारेकऱ्याची जबाबदारी, दिवसा कोळसा. दगडासारखा टणक दिसणारा कोळसा आतून सच्छिद्र असतो. ही छिद्रे किती बारीक, त्यांतून कोणता रेणू जाईल आणि कोणता अडेल, हे तिने हेलियम वायू वापरून मोजले. कोळसा रेणूंसाठी चाळणीचे काम करतो हे तिने दाखवले. इंधन म्हणून कोळसा निवडायला आणि विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांसाठी हे ज्ञान मोलाचे होते. याच कामावर १९४५ मध्ये तिला केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली.

पॅरिसचे सोनेरी दिवस

१९४७ मध्ये ती पॅरिसला गेली. तिथल्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत जाक मेरिंग यांच्या हाताखाली तिने क्ष-किरणांनी पदार्थाची अंतर्रचना शोधण्याचे तंत्र आत्मसात केले. हे तंत्र काय, ते समजून घ्यायला साधी छत्री पुरते. रात्री बारीक विणीच्या छत्रीच्या कापडातून दूरच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहा. दिव्याभोवती प्रकाशाच्या ठिपक्यांची फुली दिसते. ही फुली दिव्याची नसते. ती कापडातल्या धाग्यांच्या विणीची खूण असते. वीण दाट तर ठिपके लांब लांब, वीण विरळ तर ठिपके जवळ जवळ. ठिपक्यांमधले अंतर मोजून धाग्यांमधले अंतर काढता येते. क्ष-किरणांनी अणुरेणूंच्या बाबतीत हेच करता येते. फक्त तिथे अंतरे इतकी सूक्ष्म असतात की त्यांचे माप म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. या मापाला आंगस्ट्रॉम म्हणतात.

पॅरिसमध्ये रोझालिंड खुलली. फ्रेंच अस्खलित बोलायची, उत्तम स्वयंपाक करायची, सुट्टीत आल्प्सचे डोंगर पालथे घालायची. प्रयोगशाळेत भोजनाच्या वेळी विज्ञानापासून राजकारणापर्यंत वाद झडत आणि त्यात ती हिरिरीने उतरे. कोळशासारख्या काही पदार्थांतला कार्बन प्रचंड तापवला की ग्रॅफाइट बनतो आणि काहींतला कितीही तापवला तरी बनत नाही, हा फरक तिने कारणांसह उलगडला. तिशीच्या उंबरठ्यावर, डीएनएचा धागा हाती यायच्या आधीच, कार्बनच्या क्षेत्रात तिचे नाव झाले होते.

लंडनचे दोन हिवाळे

जानेवारी १९५१ मध्ये ती लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये आली. जैवभौतिकी विभागाचे प्रमुख जॉन रँडल. त्यांनी तिला आधीच पत्राने कळवले होते, की डीएनएचे क्ष-किरण काम ती आणि रेमंड गॉसलिंग नावाचा संशोधक विद्यार्थी असे दोघेच पाहतील. पण त्याच विभागात मॉरिस विल्किन्स हे काम आधीपासून करत होता आणि या पत्राची त्याला कल्पनाच नव्हती. त्याला वाटले, आपल्या मदतीला एक तज्ज्ञ आली आहे. तिला वाटले, हे काम माझे आहे आणि हा त्यात नाक खुपसतो आहे. एकाच खात्यावर दोन माणसांना सह्यांचे अधिकार दिले आणि दोघांना ते कळवलेच नाही, तर काय होते, हे कार्यालयात काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. विल्किन्स अबोल आणि भिडस्त, रोझालिंड तडफदार, वादात समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवणारी. त्यांचे कधी जमले नाही. विभागात इतर स्त्री-संशोधकही होत्या. पण वरिष्ठ पुरुषांची स्वतंत्र बैठकीची खोली होती आणि पॅरिसच्या मोकळ्या टेबलाची सवय झालेल्या रोझालिंडला तिथले वातावरण रुक्ष वाटले.

काम मात्र अव्वल झाले. विल्किन्सने स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ सिग्नर यांच्याकडून मिळवलेला उत्कृष्ट डीएनए आता तिच्या हाती होता. ओढला की मधासारखी तार निघावी असा तो पदार्थ. केसापेक्षाही बारीक तंतू काढून तो क्ष-किरणांच्या झोतात धरायचा. आजवरचे फोटो धूसर येत. रोझालिंडने त्याचे कारण शोधले. तंतूभोवतालच्या हवेतला ओलावा. क्षारांच्या संपृक्त द्रावणांतून हायड्रोजन वायू खेळवून तिने हा ओलावा हवा तितका राखण्याची सोय केली. तेव्हा लक्षात आले, की डीएनएची दोन रूपे आहेत. हवेत सुमारे ७५ टक्के आर्द्रता असताना एक, त्याला तिने 'ए' म्हटले. आर्द्रता वाढली की तंतू पाणी पिऊन लांबतो आणि दुसरे रूप धारण करतो, ते 'बी'. आधीच्या फोटोंमध्ये दोन्हींची सरमिसळ होती. दोन वेगळ्या खात्यांच्या नोंदी एकाच पानावर पडाव्यात आणि ताळा जुळू नये, तसे ते होते. तिने ही खाती वेगळी केली. डीएनएच्या शोधातले हे पहिले भक्कम पाऊल.

नोव्हेंबर १९५१ मध्ये तिने विभागात व्याख्यान दिले. श्रोत्यांत केंब्रिजहून आलेला जेम्स वॉटसन हा २३ वर्षांचा अमेरिकन तरुण होता. त्याने टिपणे काढली नाहीत. केंब्रिजला परतून त्याने आणि फ्रान्सिस क्रिकने आठवणीवर भिस्त ठेवून डीएनएची तीन पेडांची प्रतिकृती बनवली आणि किंग्जच्या मंडळींना पाहायला बोलावले. रोझालिंडने ती पाहिली आणि उभ्या उभ्या मोडीत काढली. पाण्याचे प्रमाण चुकले होते. फॉस्फेटचे गट आत नव्हे, बाहेरच्या अंगाला असले पाहिजेत, तरच तंतू इतके पाणी घेऊ शकेल. तिचे बरोबर होते. वॉटसन-क्रिकच्या वरिष्ठांनी त्या दोघांना डीएनएचा नाद सोडायला सांगितले.

मे १९५२ मध्ये साठाहून अधिक तास क्ष-किरणांचा झोत धरून तिने आणि गॉसलिंगने 'बी' रूपाचा तो फोटो घेतला. क्रमांक ५१. काळ्या ठिपक्यांची ठसठशीत फुली. जाणकाराला ती पाहताच कळते, की हा रेणू मळसूत्रासारखा वळत गेलेला आहे. एक वळसा ३४ आंगस्ट्रॉमचा, एका वळशात ३.४ आंगस्ट्रॉम अंतरावर दहा पायऱ्या, जाडी सुमारे २० आंगस्ट्रॉम.

मग तिने तेव्हाच शोध का जाहीर केला नाही? कारण तिचे लक्ष 'ए' रूपावर होते. त्यात ठिपके जास्त आणि सुस्पष्ट. म्हणजे मोजमापाला अधिक आधार. अंदाजाने प्रतिकृती रचण्यापेक्षा गणिताने रेणू उलगडायचा, हा तिचा मार्ग. तो खात्रीचा होता, पण लांबचा. 'ए' रूपातली आकडेमोड काही काळ तिला मळसूत्राच्या विरुद्ध दिशेला घेऊन गेली. जुलै १९५२ मध्ये तर तिने आणि गॉसलिंगने 'ए' रूपातल्या मळसूत्राच्या निधनाची काळी चौकट काढलेली, थट्टेची शोकपत्रिकाही लिहिली. चोख हिशेबाची ही दुसरी बाजू. उधारीवर, अंदाजावर ती काही घेत नसे. केंब्रिजचे दोघे मात्र अंदाजाचे धाडस करणारे होते.

फोटो आणि अहवाल

३० जानेवारी १९५३ रोजी वॉटसन किंग्जमध्ये आला. अमेरिकेत लायनस पॉलिंग यांनी डीएनएची रचना मांडली होती आणि ती चुकीची होती, ही बातमी तो घेऊन आला होता. त्या भेटीत विल्किन्सने त्याला ५१ क्रमांकाचा फोटो दाखवला. रोझालिंड किंग्ज सोडून जाणार हे ठरलेले असल्याने फोटो गॉसलिंगकडून विल्किन्सकडे आला होता. तिला विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

त्याहून महत्त्वाचा होता एक अहवाल. डिसेंबर १९५२ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीसमोर किंग्जच्या विभागाने आपल्या कामाचा अहवाल ठेवला होता. त्यात रोझालिंडची मोजमापे होती. समितीचे सदस्य मॅक्स पेरुत्झ यांनी तो फेब्रुवारीत केंब्रिजच्या दोघांना वाचायला दिला. अहवालावर गोपनीयतेचा शिक्का नव्हता. पण तिची परवानगीही नव्हती. त्यातल्या स्फटिकाच्या सममितीच्या एका नोंदीवरून क्रिकला उमगले, की दोन पेड परस्परांच्या उलट दिशेने जातात, एक चढता, एक उतरता. तो स्वतः ज्या हिमोग्लोबिनवर काम करत होता, त्याची सममिती तीच असल्याने त्याला हे ताबडतोब दिसले. एर्विन शारगाफ यांनी दाखवलेले घटकांचे समान प्रमाण दोघांना ठाऊक होते. २८ फेब्रुवारीला वॉटसनने पुठ्ठ्याचे तुकडे जुळवता जुळवता जोड्या ओळखल्या. ए नेहमी टीसमोर, जी नेहमी सीसमोर. गुंता सुटला.

त्याच दिवसांत रोझालिंडच्या वहीत काय चालले होते? २४ फेब्रुवारीच्या सुमारास तिने मान्य केले होते, की दोन्ही रूपे दुपेडी मळसूत्राचीच आहेत. अक्षरांचा क्रम कसाही बदलू शकतो आणि त्या क्रमातच जीवांच्या वैविध्याचे रहस्य असणार, हेही तिला दिसले होते. उरल्या होत्या दोन पायऱ्या. पेडांच्या उलट्या दिशा आणि अक्षरांच्या जोड्या. मार्चच्या मध्याला तिने निबंधाचा मसुदाही लिहिला होता. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये तीन निबंध शेजारी शेजारी छापले गेले. पहिला वॉटसन-क्रिकचा, दुसरा विल्किन्स आणि सहकाऱ्यांचा, तिसरा फ्रँकलिन आणि गॉसलिंगचा. वाचणाऱ्याला वाटावे, की पहिल्याचा अंदाज आणि तिसऱ्याने दिलेला त्याचा पडताळा. खरे तर तिसऱ्यातल्या पुंजीवरच पहिला उभा होता.

तिजोरीतले खातेपुस्तक

या शोधाचे एवढे महत्त्व का, हे थोडे थांबून पाहू. मुलाला आजोबांचे नाक मिळते, आंब्याच्या कोयीतून आंबाच उगवतो, हे आपण जाणतो. ही माहिती पेशीत कुठे लिहिलेली असते? डीएनएमध्ये. ए, टी, जी, सी ही चारच अक्षरे, आणि माणसाच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी. दोन पेड एकमेकांचे साचे असल्याने पेशी दुभंगताना पेड उलगडतात आणि प्रत्येक पेडावर नवा जोडीदार घडतो. म्हणून नक्कल बिनचूक होते.

या लांबलचक मजकुरातला, एखादे प्रथिन कसे घडवायचे ते सांगणारा तुकडा म्हणजे जनुक. माणसात प्रथिनांची अशी सुमारे वीस हजार जनुके आहेत. प्रथिने म्हणजे शरीरातली कामकरी मंडळी. रक्तातून प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन, साखर ताब्यात ठेवणारे इन्शुलिन, केसानखांतले केराटिन, सगळी प्रथिनेच. ती वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ ओवून बनतात.

मूळ खातेपुस्तक बँक जसे तिजोरीबाहेर जाऊ देत नाही, तसे डीएनए पेशीच्या केंद्रकाबाहेर जात नाही. लागेल तेवढ्या पानाची नक्कल काढली जाते. ही नक्कल म्हणजे आरएनए. त्यात 'टी'च्या जागी 'यू' हे अक्षर असते. नक्कल बाहेर रायबोसोम नावाच्या काउंटरवर जाते. तिथे ती तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. तीन अक्षरे म्हणजे एक अमिनो आम्ल. छोटे वाहक आरएनए शिपायासारखे हवे ते आम्ल आणून देतात, माळेत एकेक मणी ओवला जातो आणि थांबा असे सांगणारी तीन अक्षरे आली की माळ सुटते. मग ती आपोआप घड्या घेऊन ठराविक आकार धारण करते आणि कामाला लागते. चार अक्षरांची तीन-तीनची मांडणी ६४ प्रकारे होते. त्यांतली ६१ आम्लांची, ३ थांब्याची. १९६१ ते १९६६ या काळात ही लिपी उलगडली. त्यात मोठा वाटा होता आजच्या पाकिस्तानातल्या मुलतानजवळच्या रायपूर या खेड्यात जन्मलेल्या हरगोबिंद खोराना यांचा. १९६८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. रायबोसोमची रचना क्ष-किरणांनीच उलगडल्याबद्दल २००९ चे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांत चिदंबरमला जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन होते.

एका अक्षराची चूक काय करते, हे पाहायला लांब जायला नको. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेलचा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात जीएजीच्या जागी जीटीजी होते. म्हणून १४६ मण्यांच्या माळेतला सहावा मणी बदलतो. तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि लेकरू वेदनेने तळमळते. खात्यात एका अंकाची चूक, आणि घर उद्ध्वस्त.

मोडकळीच्या घरातले वैभव

मार्च १९५३ मध्ये रोझालिंड बर्कबेक महाविद्यालयात जे. डी. बर्नाल यांच्याकडे आली. टॉरिंग्टन चौकातले २१ क्रमांकाचे जुने, पावसात गळणारे घर. वरच्या मजल्यावर बसायची जागा, क्ष-किरणांचे यंत्र तळघरात. डीएनए मागे सोडून तिने तंबाखूचा विषाणू घेतला. लोक या पाच वर्षांना तळटीप समजतात. प्रत्यक्षात तिच्या आयुष्यातले हे सर्वात फलद्रूप पर्व. सतरा शोधनिबंध, स्वतःची टीम आणि अ‍ॅरन क्लुगसारखा तोलामोलाचा सहकारी. ज्या बाईविषयी कोणाशी पटत नाही असा बोभाटा झाला, तिची इथे क्लुगशी आणि विद्यार्थ्यांशी उत्तम जमली. माणसे तीच असतात. कामाची वाटणी स्वच्छ असली की स्वभावाचे कंगोरे टोचत नाहीत.

प्रश्न असा होता. विषाणू म्हणजे प्रथिनाच्या आवरणात गुंडाळलेला आरएनए. पण तो आरएनए नेमका कुठे बसतो? मधल्या पोकळीत सैल पडलेला असेल, असे वाटणे साहजिक होते. रोझालिंडने मोजून दाखवले, की तो पोकळीत नसतोच. प्रथिनांचे सारखे तुकडे मळसूत्राने रचलेले असतात, तीन वळशांत ४९, आणि आरएनएचा धागा त्यांच्या खोबणीत, मध्यापासून ४० आंगस्ट्रॉमवर, त्याच मळसूत्राने गुंफलेला असतो. एका विषाणूत असे दोन हजारांहून अधिक तुकडे. १९५६ मध्ये रोगाची लागण आरएनए करतो, प्रथिन नव्हे, हेही इतर शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. निरोप आरएनएत आणि प्रथिन हे त्याचे पाकीट. डीएनए, आरएनए आणि प्रथिन, जीवनाच्या या तिन्ही पायऱ्यांची रचना मोजणारे हात त्या काळी फार थोडे होते. त्यांत हिचे होते.

१९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना तिच्या लक्षात आले, की पोट फुगते आहे, स्कर्ट घट्ट होतो आहे. सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. अंडाशयाचा कर्करोग. त्यानंतर ती काही दिवस विश्रांतीला राहिली ती केंब्रिजमध्ये क्रिक पती-पत्नीच्या घरी. ज्या माणसाने तिच्या आकड्यांवर इमारत उभी केली, त्याच्याशी तिची अशी मैत्री झाली होती. पुढचे दीड वर्ष शस्त्रक्रिया, उपचार आणि मधल्या काळात काम. १९५७ मध्ये तिने अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेकडून तीन वर्षांचे अनुदान मिळवले आणि पोलिओचा विषाणू हाती घेतला. तेव्हा पोलिओने घराघरांत भीती होती. त्या वर्षाअखेर तिने मृत्युपत्र केले. त्यात क्लुगसाठी तीन हजार पौंड आणि आपली मोटार ठेवली. शेवटची खातीही तिने नीट बंद केली. पोलिओच्या विषाणूची रचना क्लुग आणि जॉन फिंच यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली आणि तो निबंध तिच्या स्मृतीला अर्पण केला.

जमा बाजू

१९६२ मध्ये वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल मिळाले. ते हयात नसलेल्यांना देत नाहीत आणि तिघांहून अधिकांत विभागत नाहीत. रोझालिंडला जाऊन चार वर्षे झाली होती. १९६८ मध्ये वॉटसनचे 'द डबल हेलिक्स' आले. त्यात तिचे चित्र काढले होते ते कपड्यांची आवड नसलेल्या, तिरसट, आपल्याच फोटोचा अर्थ न कळलेल्या बाईचे. तिला तोंडावर कोणी रोझी म्हणत नसे. पुस्तकाने तिला रोझी केले. शेवटच्या पानांवर वॉटसनने आपले मत सौम्य केले खरे, पण तोवर वाचकाच्या मनात चित्र पक्के झालेले असते. तिच्या मैत्रिणीने, अ‍ॅन सेयर यांनी, १९७५ मध्ये चरित्र लिहून उत्तर दिले. २००२ मध्ये ब्रेंडा मॅडॉक्स यांचे चरित्र आले. २०२३ मध्ये मॅथ्यू कॉब आणि नॅथॅनिएल कम्फर्ट या अभ्यासकांनी जुनी पत्रे आणि एक अप्रकाशित लेख शोधून दाखवले, की १९५३ मध्ये हे काम दोन ठिकाणच्या चौघांचे आहे, अशीच समजूत होती. रोझालिंड त्यांतली बरोबरीची भागीदार. फोटो पाहून कोणाला ब्रह्मज्ञान झाले, ही नंतर रंगलेली कथा. कथेत चोर आणि बिचारी असली की ती लक्षात राहते. भागीदारी लक्षात राहत नाही.

तिच्याकडून न विचारता घेतले गेले, हे तर खरेच. तिच्या हयातीत तिला त्याची स्पष्ट कबुली मिळाली नाही, हेही खरे. पण तिला केवळ अन्यायाच्या खात्यावर टाकून आपण दुसरा अन्याय करतो. कोळशाचे काम गेले, ग्रॅफाइटचे गेले, विषाणूंचे गेले, उरला एक फोटो. १९८२ मध्ये क्लुग यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. विषाणूंवरच्या त्या कामाची वाट त्यांना रोझालिंडनेच दाखवली होती, आणि हे ते कृतज्ञतेने सांगत. २०२० मध्ये आरएनएचा एक विषाणू आपल्या दारात आला. त्याचा ठाव नाकातल्या नमुन्यातून घेतला गेला तो त्याच्या आरएनएवरून. त्याच्या आवरणातल्या प्रथिनाचा निरोप आरएनएत लिहून लस तयार झाली. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या अशा लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. या साऱ्यामागे हजारो हात आहेत. विषाणूच्या पाकिटात निरोप कसा गुंफलेला असतो, हे पहिल्यांदा मोजून सांगणाऱ्यांत एक हात तिचा आहे.

लंडनच्या विल्सडेन ज्यू दफनभूमीत तिची समाधी आहे. दगडावर ती वैज्ञानिक असल्याचे कोरले आहे आणि विषाणूंवरचे तिचे संशोधन मानवजातीच्या कायमच्या उपयोगाचे ठरले, अशा अर्थाचा मजकूर आहे. डीएनएचा त्यात उल्लेखही नाही. १९५८ साली तिच्या घरच्यांना आणि सहकाऱ्यांना ती कशासाठी माहीत होती, याची ती नोंद आहे. त्या दगडावर कोरलेले सगळे खरे ठरले. जे कोरायचे राहिले, ते आता जगाने तिच्या जमा बाजूला मांडले आहे.